ईजीआर व्हॉल्व्ह: साफ करायचा, बदलायचा की पत्रा लावून बंद करायचा?

डिझेल गाडी पाच-सात वर्षं जुनी झाली की गॅरेजमध्ये एक वाक्य कधी ना कधी ऐकायला मिळतंच: "ईजीआर चोक झालाय." त्यानंतर समोर तीन पर्याय येतात. साफ करून घ्या, नवीन टाका, किंवा "मध्ये पत्रा मारून देतो, कटकटच नको." तिसरा पर्याय सगळ्यात स्वस्त असतो आणि गाडीला त्रासही होत नाही असं सांगितलं जातं, म्हणून बरेच जण तोच निवडतात.

माझी डिग्री इंजिनिअरिंगची आणि रोजचं काम सॉफ्टवेअरचं. गाडीच्या बाबतीत मी हौशी माणूस आहे. पण ईजीआर ही अशी गोष्ट आहे जिथे मेकॅनिकल भाग आणि सॉफ्टवेअर एकमेकांत पूर्ण गुंतलेले आहेत, त्यामुळे मला यात विशेष रस आहे. या लेखात आपण हा व्हॉल्व्ह काय करतो, तो का बिघडतो, बिघाड घरच्या घरी कसा ओळखायचा, साफ कसा करतात, कधी बदलायचा आणि बंद केला तर नेमकं काय होतं, हे सगळं क्रमाने पाहू.

ईजीआर म्हणजे काय?

ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन. इंजिनमधून जळून बाहेर पडलेल्या गॅसचा थोडा भाग सायलेन्सरकडे न पाठवता परत इंजिनच्या आत जाणाऱ्या हवेत मिसळायचा, एवढीच मूळ कल्पना. अमेरिकेत १९७० च्या दशकात प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हापासून गाड्यांमध्ये ही पद्धत आली.

आता कुणालाही प्रश्न पडेल की जळालेला धूर परत इंजिनला कशाला खायला घालायचा?

हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. एरवी नायट्रोजन शांत असतो, कुणाशी फारसा जुळत नाही. पण सिलिंडरच्या आत जळताना तापमान साधारण १५०० अंश सेल्सियसच्या वर गेलं की तो ऑक्सिजनशी जुळायला लागतो आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. यांना एकत्र नॉक्स म्हणतात. तापमान जसं वर जातं तसं नॉक्सचं प्रमाण झपाट्याने वाढतं. म्हणून नॉक्स कमी करायचा तर जळण्याचं कमाल तापमान खाली आणायला हवं.

जळालेल्या गॅसमध्ये ऑक्सिजन कमी असतो, आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ जास्त असते. हे दोन्ही गॅस उष्णता शोषून घेतात आणि स्वतः जळत नाहीत. ताज्या हवेत ते मिसळले की जळण्याचा वेग थोडा मंदावतो आणि तापमानाचं टोक खाली येतं. फोडणी जास्त तापली की आपण कढईत थोडं पाणी टाकतो, साधारण तसाच प्रकार.

पेट्रोल इंजिनमध्ये साधारण ५ ते १५ टक्के गॅस परत फिरवतात. डिझेलमध्ये, इंजिनवर ताण कमी असताना, हे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की मात्र इंजिनला सगळा ऑक्सिजन हवा असतो, तेव्हा व्हॉल्व्ह बंद होतो. किती उघडायचा आणि कधी बंद करायचा हा निर्णय ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर सेकंदाला अनेक वेळा घेत असतो.

ही फक्त डिझेलची भानगड नाही. मारुतीच्या ड्युअलजेटसारख्या काही पेट्रोल इंजिनांतही थंड केलेला ईजीआर असतो. तिथे त्याचा ॲव्हरेजलाही फायदा होतो. पण चोक होण्याचा खरा त्रास डिझेललाच जास्त, म्हणून पुढचा बराचसा लेख डिझेलबद्दल आहे.

आत कोणकोणते भाग असतात?

१. व्हॉल्व्ह: एक दांडी आणि तिच्या टोकाला झाकण, किंवा फिरणारी चकती. झाकण सीटवर बसलं की वाट बंद.

२. व्हॉल्व्ह हलवणारा भाग: जुन्या गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारा डायफ्रॅम, नव्यात छोटी इलेक्ट्रिक मोटर आणि गिअर.

३. पोझिशन सेन्सर: व्हॉल्व्ह प्रत्यक्षात किती उघडला आहे हे ईसीयूला सांगतो.

४. ईजीआर कूलर: गरम गॅस इंजिनच्या कूलंटने थंड करणारा छोटा रेडिएटर. गॅस जितका थंड, तितकं तापमान आणखी खाली.

बऱ्याच बीएस-४ डिझेल गाड्यांत हा गॅस टर्बोच्या आधीच घेतात, म्हणजे तो काजळीसकट येतो. काही बीएस-६ गाड्यांत तो डीपीएफ म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या नंतरही घेतात. तो गॅस बराच स्वच्छ असतो, त्यामुळे त्या बाजूचा व्हॉल्व्ह कमी चोक होतो.

व्हॉल्व्ह चोक का होतो?

नुसती काजळी असती तर ती कोरडी राहिली असती आणि बरीचशी उडून गेली असती. पण त्याच वाटेने आणखी एक गोष्ट येते: इंजिन ऑइलची वाफ. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातो. तो बाहेर हवेत सोडायला परवानगी नाही, म्हणून ब्रीदरच्या पाइपने तो परत आत जाणाऱ्या हवेत सोडतात. त्याच्यासोबत ऑइलचे बारीक कण येतात. कोरडी काजळी आणि तेलकट वाफ एकत्र आली की डांबरासारखा चिकट थर तयार होतो. तो व्हॉल्व्हवर, सीटवर आणि इनटेक मॅनिफोल्डच्या आत बसतो. उष्णतेने तोच थर पुढे दगडासारखा कडक होतो.

हे कोणाच्या गाडीत लवकर होतं? रोज तीन-चार किलोमीटर जाऊन-येऊन करणारे, तासनतास ट्रॅफिकमध्ये अडकणारे, आणि "ॲव्हरेज पडतं" म्हणून चौथ्या-पाचव्या गिअरला चाळीसच्या स्पीडने गाडी रेटणारे. अशा वेळी इंजिनवर ताण कमी असतो, म्हणून ईजीआर जास्त उघडा असतो. गॅस थंड असतो आणि त्याचा वेगही कमी असतो, त्यामुळे जे येतं ते बसून राहतं. ऑइल वेळेवर न बदलणं, एअर फिल्टर भरलेला असणं, इंजेक्टर खराब होऊन धूर वाढणं, टर्बोचं सील गळून ऑइल आत येणं, या गोष्टी त्यात भर घालतात.

लक्षणं कशी ओळखायची?

व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकला तर आणि बंद अडकला तर, दोन्हींची लक्षणं वेगळी असतात.

उघडा अडकला तर डिझेलमध्ये पिकअप जातो. रेस दिली की काळा धूर येतो, कारण इंजिनला ताजी हवा कमी पडते आणि डिझेल मात्र तेवढंच पडतं. सिग्नलला गाडी थरथरते. चेक इंजिनचा दिवा लागतो, कधीकधी गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे ईसीयू मुद्दाम ताकद मर्यादित ठेवतो. पेट्रोल गाडीत उभ्या गाडीला व्हॉल्व्ह बंद असायला हवा. तिथे तो उघडा राहिला तर आयडलला गाडी हुंदके देते किंवा बंदच पडते.

बंद अडकला तर पेट्रोलमध्ये चढावर टकटक असा नॉकिंगचा आवाज येऊ शकतो. डिझेलमध्ये मात्र चालवणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. उलट गाडी थोडी हलकी वाटू शकते. फक्त सायलेन्सरमधून नॉक्स जास्त बाहेर पडत असतो, आणि नॉक्स डोळ्यांना दिसत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही?

स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचा सॉकेट असतो. त्यात लावायचा ब्लूटूथ डोंगल ऑनलाइन सहज मिळतो आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये कोड वाचता येतात. ईजीआरचे नेहमीचे कोड असे:

पी०४०१: गॅसचा प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी.
पी०४०२: प्रवाह अपेक्षेपेक्षा जास्त.
पी०४०३: व्हॉल्व्हच्या वायरिंगमध्ये किंवा सर्किटमध्ये दोष.
पी०४०४: व्हॉल्व्हची हालचाल ठरलेल्या मर्यादेत नाही.
पी०४०५ आणि पी०४०६: पोझिशन सेन्सरचा सिग्नल खूप कमी किंवा खूप जास्त.

इथे एक गोष्ट प्रत्येक प्रोग्रामरला ओळखीची वाटेल. एरर मेसेज कुठे दिसला यावरून चूक कुठे झाली हे ठरत नाही. पी०४०१ आला म्हणजे व्हॉल्व्हच खराब असं नाही. ईजीआरचा प्रवाह थेट मोजणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत नसतोच. ईसीयू अंदाज बांधतो: व्हॉल्व्ह उघडला की आत येणारी ताजी हवा कमी व्हायला हवी, आणि ती किती कमी झाली हे मॅफ सेन्सर म्हणजे हवा मोजणारा सेन्सर सांगतो. आता मॅफ सेन्सरच मळलेला असेल, किंवा टर्बोचा पाइप फाटून हवा गळत असेल, किंवा व्हॅक्यूमची नळी तडकली असेल, तरी ईजीआरचाच कोड येऊ शकतो. म्हणून कोड दिसला की लगेच नवीन व्हॉल्व्ह टाकू नका.

कोडपेक्षा लाइव्ह डेटा जास्त उपयोगी असतो. ओबीडीच्या स्टँडर्डमध्ये दोन आकडे आहेत. एक, ईसीयूने व्हॉल्व्हला किती टक्के उघडायला सांगितलं. दुसरा, ईजीआर एरर, म्हणजे सांगितलेल्या आणि प्रत्यक्ष उघडण्यातला फरक किती टक्के. सगळ्या गाड्या हे दोन्ही दाखवत नाहीत, पण दाखवत असतील तर निदान खूप सोपं होतं.

सांगलीला माझ्या मामांची २०१५ ची बीएस-४ डिझेल सेडान आहे, एक लाखाच्या वर चाललेली. सिग्नलला थरथर, पिकअप गेलेला, मागे काळा धूर. एका गॅरेजने नवीन व्हॉल्व्हचा खर्च सांगितला, दुसऱ्याने पत्रा सुचवला. मामांनी फोन केला, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, तो स्कॅनर घेऊन ये की एकदा." मी डोंगल लावला तर पी०४०२ चा कोड होता. लाइव्ह डेटा चालू करून रेस दिली. ईसीयूने सांगितलेलं उघडणं शून्यावर आलं, म्हणजे "बंद हो" असा आदेश गेला, पण एररचा आकडा ९९.२ वर जाऊन चिकटला.

हा ९९.२ मजेशीर आकडा आहे. एररचं सूत्र म्हणजे फरक भागिले सांगितलेला आकडा. सांगितलेला आकडाच शून्य असेल तर शून्याने भागायची वेळ येते. म्हणून स्टँडर्डमध्ये नियम ठेवलाय की आदेश शून्य असताना व्हॉल्व्ह खरोखर बंद असेल तर एरर शून्य दाखवायची, आणि जरा जरी उघडा असेल तर एका बाइटमध्ये मावणारी सर्वांत मोठी किंमत दाखवायची. तो बाइट म्हणजे २५५. त्याला १०० ने गुणून १२८ ने भागलं आणि १०० वजा केले की येतात ९९.२. म्हणजे हा आकडा दिसला तर व्हॉल्व्ह ९९ टक्के उघडा आहे असं नाही. त्याचा अर्थ इतकाच की बंद व्हायला सांगूनही तो पूर्ण बंद होत नाहीये.

व्हॉल्व्ह काढल्यावर सीटवर कडक काजळीचा एक खडा सापडला. झाकण त्यावर अडकून किंचित उघडं राहत होतं. मोटर आणि सेन्सर दोन्ही ठणठणीत. साफ करून परत बसवल्यावर आदेश शून्य झाला की एररही शून्य व्हायला लागली आणि धूर गेला. नवीन व्हॉल्व्ह लागला नाही, पत्राही लागला नाही.

साफ कसा करतात?

गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः हात लावू नका. बीएस-६ डिझेलचं काम चांगला स्कॅनर असलेल्या ठिकाणीच करून घ्या. जुनी गाडी असेल, व्हॉल्व्ह वरून सहज दिसत असेल आणि पाने चालवायची सवय असेल तर हे काम घरी होऊ शकतं. गॅरेजमध्ये करून घेणार असाल तरी पायऱ्या माहीत असलेल्या बऱ्या, म्हणजे काय विचारायचं ते कळतं.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जागा हवेशीर हवी, हातात ग्लोव्ह्ज, डोळ्यांवर चष्मा, आणि जवळपास विडी-सिगारेट किंवा ठिणगी नको. क्लीनर ज्वलनशील असतो.

२. काढण्याआधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कुठली नळी कुठे होती हे नंतर आठवत नाही.

३. कनेक्टर त्याचं लॉक दाबून काढा, वायर ओढू नका. बोल्ट गंजले असतील तर गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबा. बोल्ट तुटला तर दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

४. व्हॉल्व्हला किंवा कूलरला कूलंटचा पाइप जोडलेला असेल तर आधी कूलंट काढावा लागतो, आणि नंतर भरताना अडकलेली हवा काढावी लागते. हे जमणार नसेल तर इथेच थांबून मेकॅनिककडे द्या.

५. कार्ब क्लीनर किंवा ईजीआर क्लीनर फक्त धातूच्या, काजळीच्या भागावर मारा. मोटर आणि सेन्सरचा भाग वर धरा, म्हणजे द्रव तिकडे ओघळणार नाही. अख्खा व्हॉल्व्ह पेट्रोलच्या डब्यात बुडवून ठेवणं म्हणजे मोटर आणि सेन्सर घालवणं.

६. थर मऊ झाला की नायलॉनच्या ब्रशने घासा. जुना टूथब्रश चालतो. सीटवर स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, चरा पडला तर व्हॉल्व्ह कायमचा गळतो. मोटरवाल्या व्हॉल्व्हचं झाकण हाताने जोरात दाबून उघडू नका, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात.

७. व्हॉल्व्ह जिथे बसतो ते तोंडही साफ करा, पण सुटलेले खडे आत पडू देऊ नका. ते थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकतात. मॅनिफोल्ड फार भरलेला असेल तर तो वेगळा काढूनच साफ करावा लागतो.

८. पूर्ण सुकवा. जुनं पॅकिंग परत वापरू नका, नवीन टाका. बोल्ट शक्यतो टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने आवळा. ॲल्युमिनियमच्या बॉडीत आटे लवकर जातात.

९. कोड पुसून ॲडाप्टेशन करून घ्या. याचा अर्थ असा: "पूर्ण बंद" म्हणजे सेन्सरचं कुठलं रीडिंग, हे ईसीयूने लक्षात ठेवलेलं असतं. काजळी असताना आणि गेल्यावर ते रीडिंग बदलतं. भांडं बदललं की वजनकाटा परत शून्यावर आणतो, तसंच हे. काही गाड्या चावी बंद-चालू केल्यावर हे आपोआप करतात, काहींना स्कॅनर लागतो. हे न केल्यामुळे "साफ करूनही दिवा लागतोय" अशा तक्रारी येतात.

दोन गोष्टी टाळा. मॅफ सेन्सरवर कार्ब क्लीनर मारू नका, त्याचा क्लीनर वेगळा मिळतो. आणि चालू डिझेल इंजिनच्या हवेच्या पाइपमध्ये साधा क्लीनर फवारू नका. तो डिझेलसारखाच जळतो, आणि त्याच्यावर ईसीयूचा ताबा नसतो.

नवीन कधी टाकायचा?

साफ केल्यावरही व्हॉल्व्ह अडकत असेल, मोटर हलतच नसेल, गिअरचे दाते तुटले असतील, दांडीला खेळ आला असेल किंवा सेन्सरचं रीडिंग उड्या मारत असेल तर नवीन टाकावाच लागतो. त्याआधी कनेक्टरला पूर्ण व्होल्टेज येतं का आणि वायर उंदराने कुरतडलेली नाही ना, एवढं मल्टिमीटरने बघून घ्या. व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह असेल तर नळ्या तपासा. शंभर रुपयांच्या नळीसाठी हजारोंचा व्हॉल्व्ह बदलला जाऊ नये.

विकत घेताना गाडीचं नाव आणि वर्ष सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वर्षाच्या मध्येच पार्ट बदललेला असतो. जुन्या व्हॉल्व्हवरचा पार्ट नंबर जुळवा किंवा चॅसिस नंबर देऊन खात्री करा. जुन्या बाजारातला वापरलेला व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो, पण तो किती चोक आणि किती झिजलेला आहे हे बाहेरून कळत नाही. बसवल्यावर ॲडाप्टेशन इथेही करायचंच.

कूलरकडेही लक्ष ठेवा. खाली थेंब न पडता कूलंट कमी होत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर कूलर आतून गळत असण्याची शक्यता असते. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना लागोपाठ आगी लागल्या आणि कंपनीला एक लाखाहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीने दिलेलं कारण ईजीआर कूलरमधून गळणाऱ्या कूलंटचं होतं. गळलेला कूलंट तेलकट काजळीत मिसळून साचत होता आणि गरम गॅसने पेट घेत होता. त्यामुळे कूलंट रोज थोडा थोडा भरून गाडी चालवत राहू नका.

आणि पत्रा मारून बंद केला तर?

व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डच्या मध्ये पत्रा बसवून वाट कायमची बंद करायची, हा तो उपाय. काही जण सोबत ईसीयूचं सॉफ्टवेअरही बदलून देतात, म्हणजे दिवा लागत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर याच्या बाजूने बोलणारे अगदीच खोटं बोलत नाहीत. इंजिनमध्ये काजळी कमी जाते, ऑइल कमी काळं होतं, कमी स्पीडला पिकअप जरा बरा वाटतो. म्हणूनच हा उपाय लोकप्रिय आहे. पण या फायद्याची किंमत गाडीचा मालक मोजत नाही. ती सायलेन्सरच्या मागे असलेली माणसं मोजतात.

आकडेच बघा. डिझेल कारसाठी नॉक्सची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती ८० मिलिग्रॅमवर आणली. हे कमी करण्यात ईजीआरचा मोठा वाटा आहे. नॉक्समुळे श्वासनलिकेला त्रास होतो, दम्याच्या रुग्णांना तो जास्त जाणवतो. उन्हात त्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, आणि हवेतले सूक्ष्म कणही त्यातून बनतात. सिग्नलला आपल्या गाडीमागे थांबलेला स्कूटरवाला आणि त्याच्या पुढे उभं असलेलं पोर, हे दोघं तो गॅस घेत असतात.

आपली पीयूसी हे पकडत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीमध्ये रेस देऊन धुराची घनता मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. ईजीआर उघडा अडकलेली गाडी धुरामुळे नापास होऊ शकते, आणि पत्रा मारलेली गाडी धूर कमी झाल्यामुळे आरामात पास होते. पीयूसीच्या मशीनला ती "सुधारलेली" गाडी वाटते. म्हणून "पीयूसी तर पास आहे" हे उत्तर इथे उपयोगाचं नाही.

कायद्यालाही हे मान्य नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत. कलम १९०(२) नुसार हवा प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि तीन महिन्यांसाठी लायसन्सही जातं.

नव्या गाड्यांत तांत्रिक अडचणही आहे. बीएस-६ मध्ये ईजीआर, डीपीएफ आणि नॉक्स कमी करणारी पुढची यंत्रणा एकाच हिशोबात बांधलेल्या असतात. ईजीआर चालू आहे असं धरूनच ईसीयू पुढचे निर्णय घेतो. एक कडी काढली की बाकीच्यांचं गणित चुकतं. मग दिवा लागू नये म्हणून सॉफ्टवेअर बदलतात. हे म्हणजे सर्व्हर बिघडलाय म्हणून अलर्ट पाठवणारी ओळच कोडमधून काढून टाकायची. त्याने बिघाड तिथेच राहतो, फक्त तो सांगणारं कुणी उरत नाही. वॉरंटी असेल तर तीही जाते.

हेच काम मोठ्या प्रमाणावर झालं तेव्हा काय झालं ते जगाने पाहिलं आहे. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, फोक्सवॅगनला नोटीस दिली. कंपनीच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर स्टिअरिंगची स्थिती, स्पीड, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब यावरून गाडी चाचणीच्या रोलरवर आहे की रस्त्यावर, हे ओळखत होतं. चाचणीत प्रदूषण नियंत्रण पूर्ण चालू, रस्त्यावर ढिलं. ईपीएच्या म्हणण्यानुसार रस्त्यावर नॉक्स मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होता. पुढे पुण्याच्या एआरएआयने तपासणी केली आणि भारतातही सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावायचं कंपनीने जाहीर केलं.

सॉफ्टवेअर लिहिणारा म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते. तिथे कुणीतरी माझ्यासारखाच माणूस बसून ती अट लिहीत होता. कंपनीवर आपण सगळे चिडलो. पण गॅरेजमध्ये पत्रा मारून घेतो तेव्हा आपणही तेच करतो: जिथे मोजतात तिथे पास व्हायचं आणि जिथे मोजत नाहीत तिथे सोडून द्यायचं.

पुन्हा लवकर चोक होऊ नये म्हणून

- ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं आणि वेळेवर बदला. डीपीएफ असेल तर त्याला चालणारं कमी राखेचंच ऑइल हवं.
- एअर फिल्टर वेळेवर बदला. धुळीच्या रस्त्यावर फिरत असाल तर आधीच.
- फक्त गावात फिरत असाल तर आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण गरम झाल्यावर वीस-तीस मिनिटं हायवेला, जरा वरच्या आरपीएमवर चालवा. कडक झालेला थर याने निघत नाही, पण नवीन थर बसण्याचा वेग कमी होतो.
- मोठ्या गिअरला कमी स्पीडने गाडी रेटू नका.
- धूर किंवा ऑइलची गळती दिसली तर मूळ कारण शोधा. इंजेक्टर किंवा टर्बो खराब असेल तर ईजीआर कितीही वेळा साफ केला तरी तो परत भरणार.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

किती किलोमीटरला साफ करायचा? सगळ्या गाड्यांना लागू होईल असा एक आकडा नाही, कारण वापरावर बरंच अवलंबून आहे. सर्व्हिसिंगच्या वेळी लाइव्ह डेटा बघायला सांगा. तो ठीक असेल तर उगाच उघडायची गरज नाही.

टाकीत टाकायच्या बाटल्यांनी ईजीआर साफ होतो का? डिझेलमध्ये टाकलेलं ॲडिटिव्ह इंजेक्टरमधून सिलिंडरमध्ये जातं आणि तिथेच जळतं. व्हॉल्व्हवर बसलेल्या थरापर्यंत ते पोहोचत नाही. इंजेक्टर साफ होऊन धूर कमी झाला तर पुढे काजळी कमी येईल, तेवढाच फायदा.

ईजीआरचा दिवा लागलेला असताना गाडी चालवली तर चालेल का? जवळच्या गॅरेजपर्यंत हळू नेता येते. पण लिम्प मोड असेल तर घाटात किंवा ओव्हरटेक करताना ताकद मिळणार नाही, हे धरून चाला. कूलंट कमी होत असेल किंवा इंजिन तापत असेल तर गाडी तिथेच थांबवा.

थोडक्यात, क्रम असा ठेवा: आधी कोड आणि लाइव्ह डेटा बघा, मग नळ्या, वायर आणि मॅफ सेन्सर तपासा, त्यानंतर व्हॉल्व्ह साफ करा, आणि तरीही जमलं नाही तरच बदला. पत्र्याचा पर्याय कुणी पुढे केला तर मेकॅनिकला सरळ सांगा, "दादा, साफ करून द्या, ॲडाप्टेशन करा आणि लाइव्ह डेटा दाखवा." चांगला मेकॅनिक हे आनंदाने दाखवेल.